सुन्निवाच्या खोपीचा वारा

हेलुवीक गावात इंग्रज सैनिक राहायला आले त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं, आणि सुन्निवानं त्यांना अजून माफ केलं नव्हतं. त्यांनी कोणाला मारलं नव्हतं की लुटलं नव्हतं. गावाच्या वर, चढावर, पत्र्याची बराक बांधून ते दुर्बिणीतून समुद्र बघत बसायचे, अंड्यांच्या बदल्यात चहा आणि कोळसा द्यायचे, आणि गावातल्या तरण्या पोरांशी फुटबॉल खेळून हरायचे. सुन्निवाचा राग साधा होता. ते न विचारता आले होते. जर्मनांनी डेन्मार्क गिळला, तशा आठवड्याच्या आत इंग्रजांच्या बोटी डेन्मार्कच्याच फॅरो बेटांना लागल्या आणि म्हणाल्या, आम्ही तुमचं रक्षण करायला आलोय.

"पाहुणा उंबऱ्यावर थांबतो, येऊ का म्हणतो," सुन्निवा म्हणायची. "हे थेट आत येऊन चूल कुठेय ते विचारतात."

बोलण्यात ती अशी कडक, आणि हाताने वेगळीच. मागच्या हिवाळ्यात बराकीतला एक पोरगेला शिपाई तापाने फणफणला, तेव्हा रोज सकाळी गरम दूध घेऊन चढ चढणारी हीच. दूध पाजताना तोंडाचा पट्टा चालू असायचा: अंगावर लोकर नाही, डोक्याला टोपी नाही, तुला आईने जन्माला घातलं की दुकानातून आणलं? पोराला एक अक्षर कळत नव्हतं. तो बरा झाला. शेजारच्या खाटेवर बसून हे सगळं बघणारा कॉर्पोरल हॅलम मात्र ते दूध विसरला नाही, आणि या गोष्टीतला सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

घोटाळा कळायला आधी सुन्निवाची अडचण कळायला हवी. सुन्निवा विधवा. एकुलता एक मुलगा हाइनी मासळीच्या जहाजावर. आइसलँडहून मासे भरायचे आणि पाणसुरुंगांतून वाट काढत स्कॉटलंडला पोचवायचे, असं त्याचं काम. त्या वर्षी अशी बरीच जहाजं परत आली नव्हती. हाइनीचं मन डोंगरापलीकडच्या गावातल्या राकुलवर जडलं होतं, राकुलचं त्याच्यावर. अडून बसली होती ती राकुलची आई, एल्स्पा. तिचा स्वतःचा नवरा वसंतात समुद्रावर गेला तो गेलाच. ती म्हणाली होती, "हाइनी जहाजावरून आला की मी तुझ्याकडे येईन, सुन्निवा. घर बघेन, तुझ्या खोपीतलं मटण खाईन, आणि मग सांगेन."

आमच्याकडे घराची पारख खोपीवरून होते. खोप म्हणजे घराशेजारची लाकडी खोली, आणि तिच्या भिंतींत दोन फळ्यांमध्ये बोटभर फट सोडलेली. शरद ऋतूत मेंढ्या कापल्या की मांड्या, फरे, बरगड्या तिथे टांगायच्या. मीठ नाही, धूर नाही. समुद्रावरचा खारा वारा फटींतून आरपार जातो, मटण आंबतं, वर पांढरी-हिरवी बुरशी धरतं, आणि नाताळनंतर सुरीने पातळ काप काढून खाता येतं. नवख्या माणसाला त्याच्या वासाने भोवळ येते. पण प्रत्येक खोपीचा वारा वेगळा, म्हणून प्रत्येक घरची चव वेगळी. सुन्निवाची खोप घळीच्या तोंडाशी होती आणि तिच्या मटणाची ख्याती बेटभर होती. एल्स्पाचीही एक ख्याती होती: एक घास चावला की ती खोप कोणाची ते सांगायची.

तर नोव्हेंबरात, मटण टांगून झाल्यावर, सुन्निवा डोंगर ओलांडून एल्स्पाला भेटायला गेली. जायचं निमित्त लोकरीचं, खरं कारण विहीणबाईंचा अंदाज घेण्याचं. धुक्याने तिला तिकडेच अडकवलं. परत आली तेव्हा नेहमीप्रमाणे चालता चालता विणकाम सुरू होतं. घराच्या वळणावर आली आणि हातातल्या सुया थांबल्या.

तिची खोप बंद झाली होती. चारी बाजूंनी, वरपासून खालपर्यंत, नव्याकोऱ्या फळ्या एकीला एक भिडवून ठोकलेल्या. फळ्यांच्या सांध्यांत डांबरी कापडाच्या पट्ट्या. सुई शिरेल एवढीसुद्धा फट नव्हती. आणि समोर हातोडी घेऊन कॉर्पोरल हॅलम उभा होता, कान लाल, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. त्याला आमच्या भाषेतले जे पाच-दहा शब्द येत होते त्यांतला एक त्याने काढला.

"छान?"

सुन्निवाने तोंड उघडलं. गुट्टोर्म, म्हणजे तिचा थोरला दीर, म्हातारा खलाशी, तिथेच बसला होता. आयुष्यभर इंग्रजांच्या बंदरांत मासे विकून त्याला इंग्रजी येत होतं. त्याने घाईघाईने तिचं कोपर धरलं.

"थांब. आधी ऐकून घे. मग काय ते बोल."

"भावजी, तुम्ही इथे होतात? तुमच्या डोळ्यांदेखत हे झालं?"

"मी होतो मासेमारीला. आलो तेव्हा शेवटची फळी ठोकत होता. ऐक. हा सुतार आहे. इंग्लंडात याच्या आईच्या घरावर बाँब पडला गेल्या वर्षी. छप्पर फाटलं, भिंतीला भगदाडं पडली. दुरुस्त करायला हा नाही तिथे, हा इथे. म्हणतो, रोज वरून तुझी ही फाटकी झोपडी दिसते, वारा आरपार जाताना दिसतो, आणि झोप येत नाही."

"फाटकी!"

"त्याला काय ठाऊक? आणि फळ्या कुठल्या, विचार."

सुन्निवाने विचारलं नाही, पण बघितलं. आमच्या बेटांवर झाड उगवत नाही. लाकडाची एकेक फळी बोटीने यायची, आणि लढाईत तीही यायची बंद झालेली. अख्ख्या गावाने दोन वर्षांत एवढं लाकूड एका जागी पाहिलं नव्हतं.

"बराकीला आतून अस्तर लावायला आली होती," गुट्टोर्म म्हणाला. "हिवाळ्यासाठी. सगळ्यांनी मिळून ठरवलं, दूधवाल्या आजीला देऊ. आता ते पत्र्याशी पाठ लावून झोपणार."

हॅलम अजून तिच्याकडे बघत होता. हसू जरा कमी झालं होतं. त्याने पुन्हा विचारलं, या वेळी हळू, "छान नाही?"

सुन्निवाच्या जिभेवर काय काय होतं ते गावाने पुढे बरेच दिवस तिच्याच तोंडून ऐकलं. पण त्या घडीला तिला त्या सुताराची न पाहिलेली आई दिसली, भगदाडापाशी बसलेली. सुन्निवाला स्वतःचाच भयंकर राग आला, आणि ती म्हणाली, "छान."

हॅलम खूश होऊन गेला. सुन्निवा खोपीत शिरली. आत अंधार आणि उबारा. एका मांडीला हात लावला तर बोटांना चिकट लागली. अजून सडलं नव्हतं, पण वारा मिळाला नाही तर आठवडाभरात सगळं फेकावं लागणार होतं. एल्स्पा येणार, आणि तिच्यापुढे वाढायला काय, तर बटाटे. ती सरळ सान्नाच्या घरी गेली.

सान्ना शेजारीण, जिभेने सुन्निवाच्या तोडीस तोड. तिचं म्हणणं सोपं होतं. "सांगून टाक ना त्याला! वारा लागतो म्हणावं."

"तू सांग."

"मी का? मला थोडंच बांधून दिलंय?"

"तो जाताना फळ्यांवरून हात फिरवत होता, सान्ना. घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. तू जा आणि सांग त्याला की तुमचं थंडीत कुडकुडणं फुकट गेलं."

सान्ना उठली आणि आपल्या खोपीत डोकावून आली. म्हणाली, "माझ्या खोपीत मटण टांगायचे दोन आकडे रिकामे आहेत."

असं ठरलं. सुन्निवाचं मटण गुपचूप गावभरच्या खोपींत हलवायचं. रात्री जाता येत नव्हतं. अंधार पडल्यावर फिरणाऱ्यावर पहारेकरी आधी ओरडत आणि मग बंदूक रोखत. तेव्हा दिवसाढवळ्या, पाठीवरच्या टोपलीतून, वर जळण रचून. जळण म्हणजे आमच्याकडे दलदलीतून कापून वाळवलेली मातीची ढेकळं. बाया ती टोपलीत भरून, टोपलीचा पट्टा कपाळाला लावून, जन्मभर वाहतात. कोणाला संशय येणार?

सुन्निवाला एकच गोष्ट खात होती. दुसऱ्याच्या खोपीत टांगलं की चव दुसऱ्याची लागणार. एल्स्पा पहिल्याच घासाला ओळखणार. म्हणणार, या बाईच्या स्वतःच्या घरचं मटणसुद्धा नाही, हिच्या घरी मी पोर काय बघून देऊ?

"नासलेल्यापेक्षा उसनं बरं," गुट्टोर्म म्हणाला. "आण इकडे तो फरा."

गावाने कामाला हात घातला, आणि खरं सांगायचं तर गावाला मजा आली. शत्रूने व्यापलेल्या मुलखात लोक बंदुका लपवतात, चोरून पत्रकं वाटतात, असं रेडिओवर ऐकायला येई. हेलुवीकच्या लोकांनी आपल्या वाट्याला आलेल्या सैन्याविरुद्ध अख्खं कारस्थान रचलं, ते एका सुताराचं मन मोडू नये म्हणून. बाया गंभीर तोंडाने टोपल्या वाहत होत्या आणि वळणापलीकडे गेल्या की हसत होत्या. चर्चजवळच्या म्हाताऱ्याने तर आपल्या बरगड्या चुलीवर टांगून सुन्निवाच्या बरगड्यांना जागा करून दिली. हॅलम रोज यायचा. "छान?" "छान." सुन्निवा कमरेची किल्ली मुठीत दाबून धरायची, दार उघड म्हणेल या धास्तीने. आणि तो वळला की तिला दिसायचं, की माणूस खोकतोय.

पण बराकीत सार्जंट मोफॅट नावाचा नवा माणूस आला होता. त्याच्या हाती दुर्बीण होती, समुद्रावर काहीच घडत नव्हतं, म्हणून त्याने ती गावाकडे वळवली. जळण डोंगरावरून घरात जातं, एवढं त्यालाही कळत होतं. इथे तर ते एका घरातून निघून दुसऱ्या घरात चाललं होतं. रिकाम्या टोपल्या परत येत होत्या आणि बाया हसत होत्या. मोफॅटला हेरगिरीचा वास आला.

एका दुपारी सुन्निवा शेवटची मोठी मांडी घेऊन गुट्टोर्मच्या खोपीकडे निघाली असताना त्याने तिला वाटेतच अडवलं. बरोबर हॅलम आणि आणखी एक शिपाई. कुंपणाचे दगड नीट लावत असलेला गुट्टोर्म उठून जवळ आला.

"टोपलीत काय आहे विचारतोय," गुट्टोर्म म्हणाला.

"जळण. डोळे फुटलेत का त्याचे?"

गुट्टोर्मने तेवढंच सांगितलं, की जळण आहे. मोफॅटचा विश्वास बसला नाही. त्याने हॅलमला हुकूम सोडला, रिकामी कर.

हॅलमने टोपली तिच्या पाठीवरून उतरवली, जपून, जणू तिला कुठे लागेल. एकेक ढेकूळ काढून बाजूला ठेवू लागला. मोफॅट दोन पावलं मागे उभा होता, वाऱ्याकडे पाठ करून. सुन्निवाला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. तुरुंगाची भीती नव्हती तिला. आता या पोराला कळणार, आणि तेही असं, चारचौघांत, त्याच्या साहेबासमोर, याचीच तिला लाज वाटत होती. गोड बोलून आपण त्याला दिवसामागून दिवस मूर्ख बनवलं, असंच त्याला वाटणार.

ढेकळांखाली फडकं होतं. हॅलमने त्याचा कोपरा उचलला. खाली बुरशी धरलेली मांडी.

तो तसाच वाकून राहिला. मग त्याने मान वर केली आणि गुट्टोर्मच्या खोपीकडे बघितलं. तिच्या फटींतून पलीकडचा समुद्र दिसत होता. मग सान्नाच्या खोपीकडे. मग उतारावरच्या एकेका खोपीकडे, आणि सगळ्या फाटक्या, सगळ्यांतून वारा शिट्या मारत जात होता. शेवटी त्याने घळीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या एकुलत्या एक धडधाकट खोपीकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले, मग चेहरा, मग मान. सुन्निवाने नजर खाली वळवली.

हॅलमने फडकं पुन्हा नीट झाकलं. वर ढेकळं रचायला लागला.

"जळण आहे, सार्जंट."

"मग ते घराबाहेर का चाललंय?"

हॅलम बोलला, आणि गुट्टोर्म पुटपुटत एकेक वाक्य सुन्निवाला सांगत गेला.

"चूक माझी आहे, म्हणतोय. यांचा माल वाऱ्यावर वाळतो. मी बाईंची खोली न विचारता बंद करून टाकली, म्हणतोय. आतलं सगळं ओलं राहिलं. म्हणून बिचारी शेजाऱ्यांकडे नेऊन वाळवते. मला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही, म्हणतोय."

मोफॅटने त्या लाल मानेकडे बघितलं, म्हातारीकडे बघितलं, आणि त्याच्या मनातून जर्मन हेर नाइलाजाने निघून गेला.

"मग त्या फळ्या काढ, गाढवा!" तो म्हणाला आणि चढ चढू लागला.

हॅलमने टोपली उचलून स्वतःच्या पाठीवर घेतली. कपाळपट्टा त्याला नीट लावता येईना. सुन्निवाने तो सरळ करून दिला. गुट्टोर्मच्या खोपीत मांडी आकड्याला अडकवल्यावर तो तिथेच थांबला, फटीवर तळहात धरून. वारा त्याच्या बोटांवर येत होता. वासाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, निदान सुन्निवाने तसंच धरलं. तिला त्याला सॉरी म्हणायचं होतं आणि तो शब्द तिला येत नव्हता, म्हणून ती आपल्याच भाषेत म्हणाली, "गाढवा, आधी विचारायचं नाही का?" आणि त्याच्या गालावर हलकी चापट मारली. त्याला ते कळलं असावं. तो हसला.

त्याच दिवशी फळ्या निघाल्या. एकही मोडू न देता हॅलमने त्या उचकटल्या आणि बराकीत नेल्या. गावच्या बायांनी तिथे जाऊन फळ्या आणि पत्रा यांच्यामध्ये निरुपयोगी लोकर आणि सुकं शेवाळ ठासून भरलं, कारण पुरुषांना, आणि त्यातही इंग्रजांना, भिंत उबदार कशी करतात हे ठाऊक नसतं असं सान्नाचं मत पडलं. मटण मात्र जिथे होतं तिथेच राहिलं. पुन्हा हलवलं तर ना या वाऱ्याचं ना त्या, असं गुट्टोर्म म्हणाला. सुन्निवाच्या खोपीतून वारा पुन्हा शिट्या मारू लागला, पण तिच्या आकड्यांना काही नव्हतं.

जानेवारीत हाइनी सुखरूप आला, आणि त्याच्यामागून शब्दाची पक्की एल्स्पा डोंगर उतरून आली, राकुलला घेऊन. सुन्निवाने टेबलावर बटाटे ठेवले, भाकरी ठेवली, आणि लाकडी ताटात मटणाचे काप. हाइनी आणि राकुल एकमेकांकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते आणि त्याने कोणीच फसत नव्हतं.

एल्स्पाने एक काप तोंडात टाकला. चावला. थांबली.

"सुन्निवा, हे तुझ्या खोपीतलं नाही."

"नाही," सुन्निवा म्हणाली. सबबी तिने चांगल्या रचून ठेवल्या होत्या, त्यांतली एकही तिला आठवली नाही.

एल्स्पाने दुसरा काप घेतला. "हे गुट्टोर्मकडचं." तिसरा घेतला. "सान्नाकडचं. तिची खोप पाण्याला फार जवळ." मग आणखी एक. "हे चर्चजवळच्या म्हाताऱ्याचं, नाही का?" प्रत्येक घासागणिक एकेक घर तिच्या तोंडून निघत गेलं. सुन्निवाची मान खाली जात गेली. हाइनीने राकुलचा हात टेबलाखाली घट्ट धरला.

"झालं काय होतं?" एल्स्पाने शेवटी विचारलं.

सुन्निवाने सगळं सांगितलं. सुतार, त्याची आई, फळ्या, टोपल्या. स्वतःचा मूर्खपणाही लपवला नाही. एल्स्पा एकदाही हसली नाही.

"म्हणजे प्रत्येक घरात टांगलंस?"

"प्रत्येक."

"त्यांनी आपलं मटण बाजूला केलं? त्या परक्या पोराला वाईट वाटू नये म्हणून?"

"केलं. सान्ना कुरकुरली, पण तिनंच सगळ्यात आधी केलं."

एल्स्पाने सुरी ताटावर ठेवली.

"माझा नवरा गेला, तेव्हा कळलं मला," ती म्हणाली. "घर म्हणजे एक माणूस असतो. तो गेला की मागे नुसत्या भिंती. हाइनी गुणी आहे, तूही चांगली आहेस. पण तो समुद्रावर, आणि तू पिकलेली. उद्या काही झालं तर माझी पोर कोणाकडे बघेल? एका घरात तिला द्यायला माझा जीव होत नव्हता, सुन्निवा." तिने लेकीकडे बघितलं. "गावात देते."

सुन्निवाने शालीच्या टोकाशी चाळा करत स्वतःला सावरायचा प्रयत्न केला. मग तिने तो सोडून दिला आणि टेबलावर डोकं ठेवून सगळ्यांसमोर मोठ्याने रडली.